पेन चालवून बघायची वही

"परीक्षेच्या दिवशी नवं पेन? मिळणार नाही. लग्नाला नवी चप्पल घालून जाता आणि दिवसभर लंगडता. चला, पुढचा कोण?"

शनिवार पेठेत आमच्या शाळेसमोर चाचांचं स्टेशनरीचं दुकान होतं. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारे दुकानदार पुण्याला नवे नाहीत, हे तुम्हीही जाणताच. चाचा मात्र मुलांना परत पाठवत नसत, स्टुलावर बसवत. पेन चालतं का ते बघायची एक जाडजूड वही गल्ल्याशेजारी असे. ती पुढे सरकवून म्हणत, "जुनंच पेन काढ. नाव लिही. हात थरथरायचा थांबेपर्यंत."

मी गणिताचा मास्तर. मुलांना "घाबरू नका" एवढंच सांगायचो. चाचांनी एकदा ते ऐकलं.

"सर, काल तुमच्यामागे कुत्रं लागलं, तेव्हा मीही हेच ओरडलो. थांबलात का?"

माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचं गणित माझ्याआधी सोडवायची आणि सराव परीक्षेत कोरा पेपर देऊन रडत बाहेर आली. बोर्डाच्या गणिताच्या सकाळी मी लाल रिफिल घ्यायला दुकानात उभा होतो, तेवढ्यात ती धावत आली.

"चाचा, नवं पेन द्या ना. हे अनलकी आहे. आज परत तसं झालं तर वर्ष जाईल माझं."

वही पुढे आली. तिने पाच वेळा नाव लिहिलं, तरी हात कापतच होता.

"आता भीती कसली वाटते, ते लिही."

तिने लिहिलं, 'मला काहीच आठवणार नाही.'

चाचांनी चष्मा लावून वाचलं आणि मागची पानं उलटायला सुरुवात केली. पानोपानी तेच वाक्य, वेगवेगळ्या अक्षरांत.

"बघ, सगळ्यांनी एकमेकांची कॉपी केलीय. पेपरात नका करू."

ती खुदकन हसली. जुनंच पेन घेऊन गेली आणि दुपारी रस्त्यापलीकडूनच ओरडली, "चाचा, दोन पुरवण्या!" सकाळी विसरलेली रिफिल घ्यायला मी परत दुकानात आलो होतो; इतका आनंद झाला, की ती पुन्हा तिथेच विसरलो.

पुढे चाचांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांची मुलगी त्यांना खराडीला आपल्या घरी घेऊन गेली आणि गेल्या वर्षी ते तिथेच वारले. दुकान रिकामं करताना तिने ती वही मला दिली.

शेवटचं लिहिलेलं पान, वरच्या तारखेवरून, ऑपरेशनच्या सकाळचं होतं. त्यावर चाचांनी स्वतःचं नाव नऊ वेळा लिहिलं होतं. पहिलं वेडंवाकडं, नववं सरळ. माझे डोळे भरून आले.

आता परीक्षेच्या सकाळी ती वही मी वर्गात पहिल्या बाकावर ठेवतो. परवा एका मुलाने ते पान बघून विचारलं, "सर, हा कोण?"

"होता एक आपल्यातलाच," मी म्हणालो. "तोही घाबरायचा. बस, नाव लिही."