चौथा मास्क

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी नवाच वॉर्डबॉय लागलो होतो. साथीचा वॉर्ड, म्हणून मास्क नीट बसतोय का ते तपासायला एक बाई आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. करंजीची कड दाबावी तशी त्या प्रत्येकाच्या नाकावरची पट्टी दाबत होत्या, मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा.

आमच्या डोक्यावर तोंड झाकणारं पारदर्शक टोपडं घालून त्या आत कडू औषध फवारायच्या. मास्क लावून कडू लागलं तर फट आहे, तिथून विषाणूही शिरणार. मला वाटलं, इथंही नापास झालो तर थेट गावाकडं, लातूरची गाडी. आठवीनंतर शाळा सुटली ती नापास होऊनच.

"जीभ बाहेर काढ," बाई म्हणाल्या आणि फवारा मारला.

"अजिबात कडू नाही, मॅडम," कडू गिळत मी ठोकून दिलं.

"अरे शहाण्या, मास्क कुठे लावलायस अजून? तुला चव कळते का ते बघत होते."

रांग खदखदून हसली. मग मास्क लावून फवारा मारला. तोंडात कारलं. मी मुकाट कबूल केलं.

"मग मास्क नापास. तू कशाला घाबरतोस?"

त्यांनी दुसरा आकार काढला, मग तिसरा. मागचे वैतागले, पण बाईंनी ढुंकून बघितलं नाही. चौथा बसला. शाळेत माझ्यासाठी कुणी दुसरं पुस्तकही काढलं नव्हतं.

अजूनही खोकणाऱ्या पेशंटजवळ जाताना मी पट्टी दाबतो आणि मास्कच्या आत जीभ बाहेर काढतो. कुणाला दिसतंय?