एक पंप, दोन सह्या

वनखातं आणि तलावखातं यांचं कधीच पटलं नाही. जंगल एकाचं, तलावाकाठचं गवत दुसऱ्याचं, आणि हद्दीवरून तोंडं कायम दोन दिशांना. मग वरून हुकूम आला, की असेल ते वाटून वापरा. तेव्हापासून आग विझवायचा पंप एक, वायरलेसचं चॅनेल एक आणि पंपाचा ड्रायव्हरही एकच. त्याला सगळे ‘सामाईक’ म्हणत. घरी बायकोसुद्धा म्हणायची, "आज आमच्या वाट्याला आलात वाटतं!"

माणूस सरळ, नको तितका भिडस्त. दर महिन्याला पंप धुऊनपुसून तो दोन्ही कचेऱ्यांत नेई आणि दोन्हीकडे सही करी: ‘पंप एक, चालू स्थितीत.’ वरच्या कचेरीत कोणीतरी दोन्ही कागदांची बेरीज केली आणि पंप दोन झाले. हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो कारकुनाला म्हणालाही, "साहेब, पंप एकच आहे हो."

"तुम्ही कशाला डोकं लावताय? सही करा."

त्यानं केली. असल्या भिडेचा संताप येतो. त्याची एकुलती एक लेक तेव्हा तलावाकाठच्या टेहळणी मनोऱ्यावर नोकरी करत होती.

त्या उन्हाळ्यात वनखात्यानं पंप लांबच्या डोंगरावर पाठवला. तलावाकडे दुसरा होताच ना, कागदावर! सामाईक पंप घेऊन तिथं पोचतो न पोचतो तोच वायरलेस खरखरला. तलावाकाठचं गवत पेटलं होतं.

"बाकीचे निघालेत," लेकीचा आवाज आला. "मी थांबते. दुसरा पंप येतोय म्हणे, त्याला वाट दाखवायला कोणीतरी हवं."

त्यानं बटण दाबलं. "दुसरा पंप नाहीच गं! उतर खाली!" पण त्याच चॅनेलवर तलावखात्याचे साहेब बोलत होते, आणि एक बोलत असला की दुसऱ्याचा आवाज जात नसे. त्यानं बटण सोडलं, तेव्हा साहेब दुसरा पंप तलावासाठी ठेवल्याबद्दल वनखात्याचे आभारच मानत होते.

ते थांबले, तशी तिनं लगेच विचारलं, "साहेब, पंप नक्की चालू आहे ना?"

"अगं, तुझ्या बाबांचीच सही आहे."

"मग काळजी नाही. सेट इथंच ठेवते आणि गच्चीवर जाते. तिथून रस्ता दिसतो."

त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि घसा फुटेस्तोवर ओरडला. या वेळी चॅनेल मोकळं होतं. साहेबांनी ऐकलं, दोन्ही खात्यांतल्या सगळ्यांनी ऐकलं. ती गच्चीवर उभी होती, बाबांच्या पंपाची वाट बघत.