गोणपाटाआडचं दूध

आमच्या घरात जाहिरात हा शब्द वर्षातून एकदाच निघायचा, दिवाळीच्या तोंडावर. जिल्ह्याच्या पेपराचा वार्ताहर चहाला यायचा, सासरे फेटा बांधून फोटोला बसायचे आणि कुठल्यातरी आतल्या पानावर ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’च्या खाली आमच्या खवाभट्टीचं नाव छापून यायचं. त्यानं किलोभर खवा तरी जास्त खपला असेल, असं मला वाटत नाही. सासऱ्यांना, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणते त्यांना, त्याचं काही वाटायचं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग फेटा कशाला बांधता, असं विचारायची मला फार इच्छा व्हायची. पण नव्या सुनेनं असले प्रश्न गिळायचे असतात.

वाशी तालुक्यातल्या आमच्या गावात सकाळी आसपासचे शेतकरी भट्टीवर दूध घालायला येतात. पूर्वी पहिल्या एसटीनं पेपर यायचा आणि दुधाचं माप होईपर्यंत माझे यजमान तो मोठ्यानं वाचायचे. एकच बातमी सगळ्यांच्या कानावर पडायची आणि भांडणंही तिच्यावरूनच व्हायची. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. एकाच्या मोबाइलात पाऊस आलेला असतो, दुसऱ्याच्यात निवडणूक, तिसऱ्याच्यात कुठला तरी बाबा. आणि सगळे मान खाली घालून उभे. पेपर अजून येतो, तो मामा एकटेच वाचतात, बाजारभावापासून निधनवार्तेपर्यंत.

मला मात्र मोबाइल आवडला. खिडकीजवळ उजेड चांगला येतो, तिथं परात घेऊन बसायचं, पेढे वळायचे आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलायचं. असे छोटे व्हिडिओ मी टाकायला लागले. पुण्याहून, लातूरहून मागण्या येऊ लागल्या. यजमानांनी आधी नाक मुरडलं, मग आज किती जणांनी बघितलं म्हणून हळूच चौकशी करायला लागले. मामांची एकच अट होती: उकळतं दूध दाखवायचं नाही.

ही अट मोबाइलच्या फार आधीची. दुधाला नजर लागते आणि लागली की ते नासतं, म्हणून भट्टीच्या दाराला कायम गोणपाट टांगलेलं. घरच्या माणसाशिवाय आत कुणी यायचं नाही. आमचे जावईसुद्धा गोणपाटाबाहेर उभे राहून खाकरतात. त्यामुळं माझ्या व्हिडिओत पेढे दिसायचे, खवा दिसायचा, दूध कधीच नाही. कुणीतरी खाली विचारायचं, ताई, दूध कुठंय? मी हसरं तोंड पाठवून मोकळी व्हायची.

गेल्या वर्षी दिवाळी जवळ आली आणि एक व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपांवर फिरायला लागला. पांढऱ्या भुकटीची पोती, कळकट कढई, आणि वर लिहिलेलं: वाशी भागात बनावट खवा पकडला. त्यातली माणसं हिंदी बोलत होती, मागच्या पाटीवर मराठीचं अक्षर नव्हतं. पण एवढं कोण बघतो? खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो गोटा बसेपर्यंत खोटं चार तालुके फिरून येतं. संध्याकाळपर्यंत पुण्याच्या मागण्या थांबल्या. सोलापूरचा दुकानदार म्हणाला, तूर्त माल पाठवू नका. यजमानांनी लांबलचक खुलासा लिहून टाकला, तो मीसुद्धा पूर्ण वाचला नाही. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आमच्याकडे दूध घालणाऱ्यांनीच तो व्हिडिओ आम्हाला पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, खरं हाय का?

खवा पडून राहायला लागला. जेवताना यजमान म्हणाले, उद्या निम्म्या लोकांना दूध आणू नका म्हणून सांगावं लागेल. मामांचा हात ताटातच थांबला. त्यांच्या हयातीत आमच्या दारातून भरलेली किटली परत गेली नव्हती, आणि ऐन सणात परत गेलेलं दूध दुसरीकडे कोण घेणार? मी म्हटलं, एक उपाय आहे, पण तो तुम्हाला चालायचा नाही. कोणता, ते त्यांनी विचारलंच नाही. हात धुऊन उठले.

सकाळी भट्टीपाशी गेले तर गोणपाट काढलेलं. मामा आत चुलाणापाशी उभे, मुठीत मीठमोहऱ्या. मला वाटलं, कढईवरून उतरवणार. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आमच्यात सासरे सुनेची दृष्ट काढत नाहीत. मामा तर अजूनही माझ्याशी चौकटीकडे बघून बोलतात.

“दूध नासलं तर नासू दे,” ते म्हणाले. “पर समदं जग तुझ्याकडं बघणार हाय.”

मूठ माझ्यावरून उतरवून त्यांनी जाळात टाकली. मोहऱ्या तडतडल्या. माझे डोळे भरून आले. धुराचं निमित्त होतं, ते मी वापरलं.

मी मोबाइल लावला, लाइव्ह, दूध ओतल्यापासून. मामा उलथणं फिरवत होते आणि दूध उकळत होतं, बस. इतक्यात बाहेर दूध घालून झालेले शेतकरी दारात दिसले. गोणपाट नाही म्हणून बिचकले होते. मामांनी मानेनंच आत बोलावलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माणसं इतकी वर्षं दूध आणतात, पण पुढं त्याचं काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आम्हीच पाहू दिलं नव्हतं. मग खरं-खोटं त्यांनी ठरवायचं तरी कशावरून? माझा राग तिथंच गेला.

दूध आटत गेलं तसे मोबाइल एकेक करून खिशात गेले. खवा झाला तेव्हा मामांनी त्याची छोटी गोळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि चोळायला सांगितली. तूप सुटलं, अस्सल खव्याला सुटतं तसं. त्यानं तो हात आधी स्वतः नीट पाहिला, मग माझ्या मोबाइलपुढं धरला.

“ह्यात माझ्या म्हशीचं दूध हाय,” तो म्हणाला. “बघा.”

पुढं मागण्या परत आल्या, सगळ्या नाही, पण दिवाळी दमवून जाईल एवढ्या. म्हाताऱ्याचा तो हात लोक अजून एकमेकांना पाठवतात. पण हे नंतरचं. त्या सकाळी अजून एकही फोन आला नव्हता. शेतकरी रिकाम्या किटल्या उचलून निघाले, आणि यजमान माझ्याकडे बघायला लागले, निम्म्यांना दूध आणू नका हे आता कुणी सांगायचं म्हणून. मामा आमच्या दोघांच्या मधून उंबऱ्यापर्यंत गेले.

“उद्या बी आणा,” ते म्हणाले. “समद्यांनी आणा.”