थोरल्या साडूंचा सरळ जॅक

गाडी बंद पडल्यावर ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्या या थोरल्या साडूंनी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात जन्मभर गाड्यांचे भाग जुळवले. असा माणूस घरी आल्यावर पाय पसरून बसेल की नाही? साडू घरी येऊन गाडीचे भाग सुटे करीत. लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जीप त्यांच्या अंगणात वर्षानुवर्षं उभी आहे. लोक गाडी चालावी म्हणून दुरुस्त करतात. साडू दुरुस्त करायला मिळावी म्हणून चालवतात. एकदा शहपुऱ्याला साखरपुड्यासाठी निघालो, तर निम्म्या वाटेत जीप खोकली आणि थांबली. मागे नव्या साड्या, फळांच्या करंड्या आणि सासूबाई. साडूंनी बाह्या सरसावून इतक्या उल्हासानं "आता पाहा मजा!" म्हटलं, की साखरपुडा त्यांचाच असावा. आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि शेवटची पंगत हात धूत होती.

बायका तूप कढवताना जसा वास घेतात तसा ते इंजिनच्या तेलाचा घेतात, आणि डोळे मिटून "अजून महिनाभर चालेल" असा निकाल देतात. काढलेले नट-बोल्ट काढले त्याच क्रमानं ते बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, फराळाच्या ताटात मांडतात. एका दिवाळीत मी शंकरपाळ्यांच्या भरवशावर त्या ताटात हात घातला होता. पुढचं माझ्या दाढेला विचारा. पण त्यांचा खरा कडकपणा बघायचा तर गाडीखाली शिरतानाचा. अंगण रस्त्याकडे उतरतं, त्यामुळे जॅकवर जीप उचलण्याआधी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेच पाहिजेत. ते काम मदतनिसाचं, म्हणजे बँकेत साहेब म्हणून मिरवणाऱ्या माझं. साडू ओरडून विचारणार, "लगा दिया?" मी ओरडून सांगणार, "लगा दिया!" मगच ते जॅक लावणार आणि आत सरकणार. मराठी घरात हा संवाद हिंदीत काहून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कारखान्यातली सवय आहे जी. जीव वाचवायच्या गोष्टीची भाषा बदलायची नसते."

आता लिहायला जड जातं ते लिहितो. गेल्या वर्षीचा एक रविवार. माझ्या एका हातात पोह्यांची बशी, वर जिलबी, दुसऱ्या हातात मोबाइल. साडूंनी विचारलं, "लगा दिया?" आणि बायकोला इतकी वर्षं न ऐकताच "हो" म्हणत आलो, तसं मी म्हणालो, "लगा दिया!" ठोकळे पायरीवर पडलेले होते. साडू खाली शिरले, दोन-चार मिनिटांत जीप मागे सरकली, जॅक आडवा झाला आणि त्याचा दांडा त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. मी धावलो. जीप आणखी सरकू नये म्हणून ठोकळे उचलून चाकांमागे सारले. हे मात्र मी फार चपळाईनं केलं. माणसं जमली तेव्हा ठोकळे जागेवर होते, त्यामुळे सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की साडूंनी जॅक तिरका लावला. मी त्याला हरकत घेतली नाही.

दवाखान्यातून ते घरी आले त्या दिवशी ताई म्हणाल्या, "सत्तरीला टेकले हे. लक्ष राहत नाही आता. विकून टाका ती जीप." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण साक्षीदार मी. मी म्हणालो, "वय झालंच म्हणा." ते म्हणताना माझा आवाज इतका समंजस लागला होता, की ताईंनी मला आणखी अर्धा कप चहा दिला. मी तो प्यालो.

आठ महिन्यांत हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. एका संध्याकाळी गेलो तर साडू बैठकीत जमिनीवर बसलेले. दिवाणाच्या एका कोपऱ्याखाली जॅक, दिवाणावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. डाव्या हातानं ते दिवाण बोटभर उचलत होते, पेल्याकडे पाहत होते आणि पुन्हा खाली घेत होते.

"हे काय करून राहिले, भाऊ?" मी विचारलं.

"पाहून राहिलो, हात विसरला का माझा," ते म्हणाले. "जॅक तिरका बसला तर मला बोटांना कळते, बँकसाहेब. त्या दिवशी कळलंच नाही. तिरका बसला याचं काही नाही, पण न कळणं वाईट. ही बरोबर म्हणते. ओमती मोहल्ल्यातला एक जण उद्या जीप पाहायला येऊन राहिला. देऊन टाकतो."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या. त्या ट्रेकडे पाहून माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "भाऊ, ठोकळे लावले नव्हते. मी पोहे खात होतो. नंतर सारले ते."

त्यांनी मला मारायला हवं होतं. पण उजवा हात उठणार नव्हता, आणि तोही माझ्याचमुळे. त्यांनी दिवाण हलकेच खाली टेकवला. मग साडू म्हणाले, "म्हणजे जॅक सरळ होता?"

"सरळ होता."

"नक्की?"

"नक्की, भाऊ."

शहपुऱ्याच्या रस्त्यावर पाहिला होता तसा त्यांचा चेहरा खुलला. "ऐकलं का?" ते ताईंना म्हणाले. "जॅक सरळ होता माझा!" ताईंनी माझ्यापुढचा कप उचलून ट्रेमध्ये परत ठेवला. "आठ महिने चहा पाजला मी तुम्हाला," एवढंच म्हणाल्या.

जीप राहिली. आता साडू तासाचं काम चार रविवार करतात, खांद्याच्या वरचे नट मी पिळतो आणि ते शेजारी उभे राहून "हळू, हळू" म्हणतात. गेल्या महिन्यात जीप सुरू झाली, तेव्हा आम्ही सदर बाजारात चहा प्यायला गेलो. जड स्टिअरिंग त्यांच्यानं वळत नाही, म्हणून चालवत मी होतो. टपरीपाशी त्यांचे कारखान्यातले एक जुने सोबती भेटले आणि खांद्याची चौकशी करू लागले. साडू खिडकीतून मान काढून त्यांना सांगू लागले, "जैक एकदम सीधा था मेरा. पीछे वाले ने लकड़ी नहीं लगाई थी."

"कौन था पीछे?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"था एक," ते म्हणाले. "नया था बेचारा. सीख रहा है."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिलो. बावीस वर्षं झाली मला त्यांच्या हाताखाली.