मुकुलची हिरवी डबी

मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या कुंदाताई कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं असिस्टंट होत्या. निवृत्त झाल्या, पण खोड गेली नाही. लसणानं कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे, असं मी एकदा सहज बोलून गेले. बाईंनी उभ्या उभ्या विचारलं, "किती लसूण? किती दिवस? आधीचा रिपोर्ट कुठाय?" तेव्हापासून मी त्यांच्यासमोर कुठल्याच पाल्याचं कौतुक करत नाही.

त्यांचा धाकटा भाऊ मुकुल मात्र येता-जाता करायचा. वय त्रेपन्न, वाईट कोलेस्टेरॉल एकशे शहाऐंशी. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्यानं आणलीच नव्हती. त्यांचे वडील चौपन्न वर्षांचे असताना हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा उशाशी गोळ्यांचा ढीग होता. "बाबांनी काय कमी गोळ्या खाल्ल्या?" एवढंच तो म्हणायचा. कुंदाताई भांडल्या, रडल्या, अबोला धरून पाहिला. शेवटी त्यांनी आपल्याला येतं ते केलं, प्रयोग लावला.

"झाडपाला तर झाडपाला. पण एका वेळी एकच, आणि मी सांगेन तेवढाच."

आधी इसबगोल. तो पोटात नेमकं काय करतो, हे मला दाखवायला त्यांनी ओट्यावर ग्लासात भिजत घातला. बघता बघता ग्लासात खळ झाली. ही खळ आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेते, मग नवं पित्त करायला शरीर रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं, असं त्यांनी सांगितलं. मला एवढी गंमत वाटली की घरी येऊन मीही ग्लास भिजवला. दोन महिन्यांनी मुकुलचा आकडा एकशे सत्तरवर आला.

"उतरतं गं खरंच," कुंदाताई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता आणि काळजी तशीच होती, कारण एकशे सत्तरही पुरेसं नव्हतं.

मग मुकुलनं कुठूनशी एक हिरवी डबी आणली. वर पानांचं चित्र, 'शुद्ध वनस्पतिजन्य' असा शिक्का. दीड महिन्यात आकडा अठ्ठ्याण्णव. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कुंदाताईंनी पेढा घेतला नाही. रिपोर्ट घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या.

"पाल्यानं एवढं? पोटऱ्या दुखतात का रे?"

"जाम दुखतात. तुला कोणी सांगितलं?"

त्यांनी भिंग घेऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचली, 'रेड यीस्ट राइस'. मग त्यांची जुनी विद्यार्थिनी गंधाली, मरोळला औषध कंपनीत असते, तिला फोन लावला. पंधरा मिनिटं नुसतं "हं, हं" चाललं होतं.

"भातावर एक बुरशी वाढवतात," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "त्यात जे तयार होतं ना, ते डॉक्टरांच्या गोळीच्याच घराण्यातलं. त्या गोळीनंही कुणाकुणाच्या पोटऱ्या दुखतात."

"म्हणजे दीड महिना मी गोळीच खातोय?"

"हो. फक्त रोज किती, ते इथे छापलेलं नाही. डॉक्टर निदान मोजून देतील, पाय का दुखतात ते तपासतील."

आता या त्याला चांगलं ऐकवणार, असं मला वाटलं. पण त्या त्याच्याशेजारी बसल्या.

"मला भीती वाटते रे. बाबांच्या वेळी मी एकदाही विचारलं नाही, गोळ्या कसल्या आहेत म्हणून. नंतर कळलं, सगळ्या ब्लडप्रेशरच्या होत्या. ही गोळी तेव्हा आपल्याकडे आलीच नव्हती."

मुकुल डबीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो ज्या गोळ्यांवर रागावला होता, त्या या नव्हत्याच.

"ताई, उद्याची वेळ घे डॉक्टरांची," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मी चौपन्नचा होतोय. मला पंचावन्न बघायचंय."