सुनेची उलट बैठक

माझी सून जगाचं भविष्य सांगते. हात बघून नव्हे. येत्या वीस-पंचवीस वर्षांत जगातले कामधंदे कसे असतील, कुठला व्यापार चढेल, कुठला बसेल, माणसं कुठे दाटतील नि कुठे विरळ होतील, याचे अंदाज बांधायची नोकरी आहे तिची एका मोठ्या कचेरीत. एवढं समजावूनही शेजारीण एकदा तळहात पुढे करून आलीच. सुनेनं तिला चहा पाजला आणि म्हणाली, "काकू, मी एकेकाचं सांगत नाही. गठ्ठ्यानं सांगते." शेजारीण हिरमुसून गेली.

हे गठ्ठ्यानं सांगणं तिच्या अंगात भिनलंय. छत्री घेऊ का विचारलं तर बाई शक्यता सांगते. मी दारात चपला घालून उभी! अगं, हो म्हण नाहीतर नाही म्हण. मीही अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेय, पण असलं धुकं आमच्या वेळी नव्हतं. मनानं मात्र सून फार मऊ. टीव्हीवर दूरच्या कुठल्या देशातला बंद पडलेला कारखाना दाखवला की हिचा घास हातातच राहतो. तो बंद पडणार हे हिनंच आधी लिहिलेलं असतं, म्हणून जास्तच.

माझ्या नातीचा, म्हणजे तिच्या मुलीचा, उजवा पाय जन्मापासून जरासा आखूड. त्या बुटाला जाड तळ लागतो, त्याचा चालताना आवाज होतो, म्हणून घरात सगळे तिला टकटक म्हणतात. तीही त्याच नावाला ओ देते. तिचे बूट पहिल्यापासून एकच माणूस बनवतो, गल्लीच्या टोकाला, खिडकीएवढ्या दुकानात. शाळा संपली आणि टकटकनं जाहीर केलं की कॉलेज नको, बूटवाल्या काकांकडे काम शिकायचंय. काका तयार होते, पण आईनं हो म्हटलं तरच.

आणि आईच्या ताज्या अहवालात, संपत चाललेल्या धंद्यांमध्ये, हातानं बूट शिवणं अगदी वरती! त्यांच्या कचेरीत प्रत्येक अंदाजाच्या तीन रेघा काढतात, बरी, मधली आणि वाईट. या धंद्याच्या तिन्ही रेघा खाली जाऊन टेकल्या होत्या. घरात धुसफूस सुरू झाली. जगाला तिकडे फिरकू नका सांगते आणि पोटच्या पोरीला धाडू, असं सून म्हणे. टकटक दार आपटून जाई. माझा मुलगा पेपरात डोकं खुपसून बसला, त्याची ती जुनीच रीत. शेवटी मीच सुनेला विचारलं, कचेरीत तुमचं पटलं नाही तर काय करता गं?

तर त्यांच्यात उलट बैठक असते. अहवाल बाहेर पडायच्या आधी तो लिहिणाऱ्यानं खुर्चीत गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चुका काढायच्या. मधे तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की मग त्यानं बोलायचं, तेही थोडक्यात. मी म्हटलं, मग घ्या की इथे.

सुट्टीच्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. सून ओठ मिटून. टकटकनं म्हणे बरीच तयारी केली होती, पण यंत्राला माझा पाय कळत नाही, एवढंच म्हणाली. मग खाली वाकून तिनं उजवा बूट काढला आणि आईसमोर ठेवला. तळाचा एक थर किंचित वाकडा बसला होता.

"हा मी लावलाय," ती म्हणाली. "काका बोलले नाहीत तुला. कधीपासून मी याच्यावरच चालतेय."

सुनेनं बूट उचलला. आत हात घातला, मग त्या थरावरून अंगठा फिरवत राहिली. तोंड उघडायची बंदी होती ते बरंच झालं, एरवी तिनं शक्यता सांगितली असती.

"झालं माझं," टकटक म्हणाली. "बोल आता."

"अंदाज बरोबर आहे माझा. तो धंदा बसणार," सून म्हणाली. "पण तो सगळ्या जगाचा आहे गं. त्यात तू कुठे आहेस हे मला दाखवता येत नाही. मी तुलाही गठ्ठ्यातच धरून बसले." मग ती खाली वाकली आणि पोरीच्या पायात बूट चढवू लागली. "जा तू. धंदा बसलाच, तर तेव्हा दोघी मिळून बघू काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः काकांना सांगायला गेली. मी होतेच बरोबर. काकांनी तिला स्टुलावर बसवलं आणि टकटकच्या हातात टेप दिली. म्हणाले, "हे तुझं पहिलं गिऱ्हाईक. घे माप."

बूट झाले. दिसायला बरे आहेत, डावा चावतो. सून रोज तेच घालून कचेरीत जाते आणि संध्याकाळी पलंगावर बसून टाच चोळते. परवा मी न राहवून विचारलं, अगं, सैल होणार आहेत का हे कधी? मनात म्हटलं, आता काढते ही तीन रेघा.

"होतील," ती म्हणाली.