वाणात गेलेले शिक्के

माझ्या सासूबाईंनी माझे एक्केचाळीस शिक्के हळदीकुंकवाच्या वाणात लुटले. हे मी कुणालाही सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच?" हसा बापडे. मला अजून हसू येत नाही.

शिक्के म्हणजे रबरी शिक्के. माझ्या वडिलांचं जयसिंगपुरात शिक्क्यांचं छोटं दुकान होतं. आसपासच्या ग्रामपंचायती, दूध संस्था, अडत दुकानं, सगळ्यांचे शिक्के वडील हातानं कोरायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. अक्षरं उलटी कोरायचा मला भारी कंटाळा. मग मी उरलेल्या रबराच्या तुकड्यांवर पिंपळाचं पान कोरायला लागले, हरभऱ्याचा घाटा कोरायला लागले. वडील म्हणाले, "कर काय करायचं ते, पण माझं ब्लेड बोथट करू नको." एवढीच शिकवणी. पुढे एका चपला करणाऱ्या मामांनी त्यांची जुनी रापी दिली, चामडं कापायची. तिला धार लावून घेतली आणि मग मी बारीक कामाला हात घातला.

हे काम बाहेरून सोपं दिसतं, तिथेच माझं डोकं फिरतं. पातळ कागदावर शिसपेन्सिलीनं चित्र काढायचं, ते रबरावर पालथं दाबायचं, आणि जे उमटायला नको ते सगळं कापून काढायचं. हात घसरला की म्हशीचा पाय गेला. गेला तो गेला, रबर परत चिकटत नाही. मग पहिल्यापासून. माझी दूध कट्ट्यावरची, गिऱ्हाइकासमोर पिळतात ती म्हैस पाचव्या खेपेला जमली. शेवग्याची शेंग, उसाचं कांडं, तांब्याचा बंब, सायकलला लटकवलेली दुधाची किटली, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या करवंदाची फांदी, असे चव्वेचाळीस शिक्के मी बारा वर्षांत कोरले. बाजारातल्या शाईचा हिरवा रंग पानासारखा दिसायचा नाही, म्हणून साबणाच्या डबीत स्पंज ठेवून त्यात पोस्टर कलर आणि दोन थेंब ग्लिसरीन घालून मी माझी शाई केली. छापखान्यातून जाड कागदाची कातरण आणायची आणि त्याची कार्डं करायची.

लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले तेव्हा रुखवतातल्या भांड्यांपेक्षा मी बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा जपून आणला होता. त्यात शिक्के होते. दर संक्रांतीला मी कार्डं करायची. उसाचं कांडं, तिळाचं फूल, खाली चार शब्द, आणि आत काटेरी हलव्याची चिमूटभर पुडी चिकटवलेली. पाहुण्यांना पोस्टानं जायची, गल्लीत मी स्वतः घरोघर द्यायची. लोक ती कार्डं फळीवर टेकवून ठेवायचे, कपाटाच्या काचेत अडकवायचे. मला बरं वाटायचं. बाकी त्या घरात माझं म्हणावं असं होतंच काय? भांडी त्यांची, पलंग त्यांचा, बाजारात कुठली भाजी आणायची तेही त्यांचंच.

त्या वर्षी धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून संक्रांतीची कार्डं वाटून मी आठ दिवस माहेरी गेले. इकडे सासूबाईंनी रथसप्तमीच्या आधी हळदीकुंकू घातलं. वाणाला प्लॅस्टिकच्या चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. पण बायका आल्या भरमसाट, पलीकडच्या गल्लीतल्यासुद्धा आल्या. गाळण्या संपल्या. दारात सवाष्णी उभ्या आणि हातात द्यायला वाण नाही, म्हणजे सासूबाईंच्या लेखी जगबुडी. त्यांनी पलंगाखालून माझा डबा ओढला आणि एकेक शिक्का बायकांच्या ओटीत टाकला. एक्केचाळीस! तीन तेवढे ठेवले, कारण त्या शिक्क्यांच्या लाकडी मुठी निखळल्या होत्या. म्हणजे बघा, वाईट ते वाण देऊ नये एवढी अक्कल त्या गडबडीतही शाबूत होती.

मी परत आले, पाडव्याच्या कार्डांची तयारी करावी म्हणून डबा ओढला, तर तो हलका लागला. उघडला. तीन शिक्के आणि तळाला रबराचा भुसा.

"आई, माझे शिक्के कुठायत?"

"अगं वाण कमी पडलं की! काय करणार? नाक कापलं गेलं असतं गल्लीत. पण बायकास्नी लई आवडलं हं. लाकडी मूठ हाय, नक्षी हाय, म्हणाल्या सूनबाई हुशार हाय तुमची."

"तुम्ही मला न विचारता दिले?"

"तू हुतीस कुठं विचारायला? आणि एवढं काय त्यात? नवीन कोर की. तुला काय अवघड हाय."

नवीन कोर की! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईला मी तोवर उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला एवढं मला आठवतं. संध्याकाळी नवरा आला. दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "शिक्केच हायत गं, मंगळसूत्र न्हवं."

मी म्हटलं, "मंगळसूत्र तुम्ही सराफाकडनं आणलंत. हे मी बारा वर्षं बसून कोरलंय."

तो जेवायला बसला. 

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले. म्हटलं, ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून मागून आणू, माणसंच आहेत, समजून घेतील. पहिलंच घर समोरचं. त्या वैनींनी माझी म्हैस देव्हाऱ्यात ठेवली होती! बाळकृष्णाशेजारी, हळदकुंकू वाहून. मी म्हटलं, "वैनी, चुकून दिलं गेलं, तेवढं परत द्या." त्यांनी डोळे एवढे मोठे केले.

"वाण परत देत्यात व्हय? काय बोलतीस ग? माझ्या कुंकवाला काय झालं म्हंजे?"

मग मला कळलं की मी कुठल्या भिंतीवर डोकं आपटते आहे. वाण एकदा ओटीत पडलं की पडलं. ते परत मागणारी कुलक्षणी आणि परत देणारी त्याहून मोठी. प्रत्येक दारात तेच. एका घरात शेवग्याची शेंग रॉकेलच्या डब्याला बूच म्हणून बसवलेली. रबर रॉकेलनं फुगून टम्म झालं होतं. मी तिथेच ओरडले. ती बाई म्हणाली, "बोंबलतीस कशाला? उपयोगाचं वाण दिलं म्हणून उलट चांगलंच म्हटलं आम्ही." आणखी एकीनं पोराला खेळायला दिला होता, पोरगं तो शाळेत घेऊन गेलं होतं. एकीनं तर दारातूनच सांगितलं, "सासूला विचारून आलीस काय?" त्या घरच्या फळीवर माझं संक्रांतीचं कार्ड टेकवलेलं दिसत होतं. कार्ड चालतं, हलवा चालतो, पण शिक्का माझा आहे म्हटलं की कुंकू धोक्यात!

चार दिवस फिरले. हाती लागले दोन, तेही एका म्हातारीनं "घे बाई, माझं काय आता राहिलंय" म्हणून दिले. गल्लीत माझं नाव झालं. सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. नवरा म्हणाला, "तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस." मी म्हटलं, मग दाखवू नका. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. भाकरी थापताना परात आपटायची, कपडे धुताना धोपटणं असं हाणायची की शर्टाची बटणं फुटायची. रापी हातात घेतली, नवीन रबर समोर ठेवलं. एक पानसुद्धा धड कोरता येईना.

गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. ती एक मावशी चालवायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, पदरी कुणी नाही, गिरणी मात्र खणखणीत. आवाजही तसाच, पट्ट्याच्या आवाजावर चढणारा. मी ज्वारीचा डबा घेऊन गेले आणि तो असा आदळला की त्यांनी गिरणीच बंद केली.

"काय झालंय? चार दिस बघती मी, गल्लीतनं लढाईला निघाल्यागत चाललीस."

मी सगळं सांगितलं. त्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुठलं वाण? मला बलावतंय कोण? म्हंजे माझं कायबी अडकलं न्हाई बघ ह्यात. माझं कुंकू कवाच गेलंय, आता काय बाधणार हाय? तू घरी जा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गिरणीच्या दाराला वेताची पाटी टांगली आणि डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला विचारायला लागल्या, "शिक्का आणलास?"

"कसला शिक्का मावशी?"

"वाणातला. तो त्या पाटीत टाक, मग दळण. तू काय त्या सुनंला परत देत न्हाईस, मला देतीस. वाण म्होरं गेलं, माघारी न्हाई गेलं. झालं समाधान? न्हाईतर जा लांबच्या गिरणीत, डोक्यावर डबा घेऊन."

कोल्हापूरच्या बाईला ज्वारी डोक्यावर घेऊन दोन गल्ल्या जायचं म्हणजे जिवावर येतं. पहिल्या दिवशी चार शिक्के पडले. आठवड्यात पंधरा. मी रोज बघून यायची. एकदा मी तिथेच उभी असताना समोरच्या वैनी म्हैस घेऊन आल्या. मावशींनी हात पुढे केला. वैनींनी तो हात न बघितल्यासारखं केलं, लांबूनच म्हैस पाटीत टाकली आणि पदर सावरत दूर सरकल्या. मावशी हसल्या आणि त्यांचं दळण टाकलं. मला मात्र तिडीक आली. वैनी गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुम्ही हसता कसं? थोबाडात मारावीशी वाटली मला." त्या म्हणाल्या, "सगळ्या तशाच टाकत्यात. हातात कोण देतंय? शिक्का आला न्हवं?" मी घरी येईपर्यंत त्या बायकांच्या नावानं दात खात होते. एवढं काम करणाऱ्या बाईच्या हाताचा विटाळ होतो यांना, असं सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. सासूबाई कांदा चिरत राहिल्या.

तीन आठवड्यांनी मावशींनी निरोप धाडला, काय यायचे ते आले, घेऊन जा. मी गेले. चौतीस शिक्के होते. प्रत्येकावरची हळद आणि पीठ त्यांनी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसून काढलं होतं. पानं एकीकडे, जनावरं एकीकडे, भांडी एकीकडे, अशी वर्तमानपत्रावर मांडून ठेवली होती. शेजारी जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं पसरलं होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर चौतीसच्या चौतीस ठसे उठवलेले. काळे, जरा फुटलेले, काही वाकडे. कोळसा पाण्यात कालवून केले होते.

"रागवू नगंस हं," त्या म्हणाल्या. "तुला न इचारता उठवलं. धुऊन ठेवल्यात परत." त्यांनी बोट म्हशीच्या ठशावर ठेवलं, मग किटलीवर. "ही किटली तर हुबेहूब हाय की. गल्लीत समद्यांच्या फळीवर तुझी कार्डं बघती मी, दळणाचे पैसे मागाय गेलं की. लांबनं. आमच्याकडं कवा आलंच न्हाई एखादं, म्हणून म्हटलं, परत जायच्या आधी एकदा बघून घ्यावं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी काहीतरी बोलू शकले असते. भांडायला मी तयारच असायची तेव्हा.

मी शिक्के पिशवीत भरले. मावशींनी पट्टा चढवला, गिरणी सुरू झाली. मी घरी आले तर सासूबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या, "मिळाले?" मी हो म्हटलं. त्यांच्यावर चिडायला मला एक शब्द सापडला नाही. कारण कार्डं कुणाकुणाला द्यायची ते त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून सहा संक्रांती, दरवर्षी मी वही घेऊन बसायची, गल्लीच्या या टोकापासून एकेक घर आठवून लिहायची, आणि गिरणीच्या अलीकडच्या घराशी थांबायची. गिरणी विसरायची नाही मी. सणाचं कार्ड आहे, हलवा आहे आत, तिथे कशाला, असं मनातल्या मनात म्हणून मी स्वतःच्या हातानं वही मिटायची.